लिलावाची बोली : वेसाव्याची आणि लंडनची

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

१८ ऑगस्ट २०२५ रोजी सेनासाहेब सुभा रघुजी भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईच्या विमानतळावर उतरली. म्हणजे ती प्रथम आमच्या अंधेरीच्याच वेशीवर आली. पुढे प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत तिचे प्रदर्शन भरले, तेव्हा मी आईला घेऊन पाहायला गेले. आईने हात जोडले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "केवढ्याला घेतली?" मी म्हटले, "सत्तेचाळीस लाखांना." त्यावर ती म्हणाली, "बोलीला समोर कोन होता?"

आई वेसाव्याची कोळीण. बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि अंधेरीच्या बाजारात विकायची, हा तिचा पंचवीस वर्षांचा धंदा. तिचा प्रश्न मला प्रथम विचित्र वाटला. अर्थशास्त्राची पुस्तके चाळल्यावर ध्यानात आले की लिलावाविषयी याहून नेमका प्रश्न नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

तलवारीची हकीकत

पहिले रघुजी भोसले हे छत्रपती शाहू महाराजांच्या काळातील मातब्बर सरदार. नागपूरकर भोसल्यांचे राज्य त्यांनी उभे केले आणि बंगाल-ओडिशापर्यंत मोहिमा नेल्या. तलवारीचे पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय घडणीचे आहे, मूठ मात्र आपल्याकडची आहे. अशा तलवारीस 'फिरंग' म्हणत. पात्याच्या पाठीवर रघुजींचे नाव सोन्याने देवनागरीत कोरले आहे. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरची लूट झाली, त्या सुमारास ती परदेशी गेली असावी असा तर्क आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनला सोदबीजच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती घेतली. वाहतूक व विमा धरून खर्च ४७ लाख १५ हजार रुपये झाला.

किंमत कोण ठरवतो?

समजा, एका वस्तूसाठी एक जण ४० हजारांपर्यंत जायला तयार आहे आणि दुसरा १५ हजारांपर्यंत. लिलावात दुसरा १५ हजारांवर थांबेल आणि पहिल्याला वस्तू त्याहून थोड्या जास्त रकमेत मिळेल. म्हणजे किंमत ठरवली ती हरलेल्याने! विल्यम विक्रे या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये या विचाराची शास्त्रशुद्ध मांडणी केली. १९९६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आईच्या "समोर कोन होता?" या प्रश्नात हाच सिद्धान्त दडलेला आहे.

शस्त्रांच्या बाजारातच याचा उत्तम दाखला सापडतो. मे २०२३ मध्ये लंडनला बोनहॅम्सच्या लिलावात टिपू सुलतानच्या शयनगृहातील तलवार १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. अंदाज होता १५ ते २० लाख पौंडांचा. दूरध्वनीवरून दोघे आणि सभागृहात एक, असे तिघे हट्टाला पेटले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टिपूचीच दुसरी एक तलवार क्रिस्टीजकडे लिलावाला आली. अंदाज तोच, १५ ते २० लाखांचा, पण ती विकलीच गेली नाही. मालक तोच, मान तोच. फरक एवढाच की या वेळी समोरासमोर हट्ट धरणारे कोणी नव्हते.

विजेत्याचा शाप

एक प्रसंग सांगते. घरगुती उदाहरणाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पावसाळ्यातील मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्या होड्या लागल्या होत्या. सरंगे थोडे आणि घेणाऱ्या पुष्कळ. आई घरून ठरवून निघाली होती : एका टोपलीला तीन हजारांच्या वर जायचे नाही. पण समोर एक जुनी वैरीण उभी राहिली. ती शंभराने वाढवी, आई शंभराने वाढवी. टोपली बेचाळीसशेला आईच्या पदरात पडली. घरी उपसली तर वर मोठे सरंगे आणि तळाशी सगळे बारके. संध्याकाळपर्यंत जेमतेम अठ्ठावीसशे हाती आले. त्या सत्राचे माझे शुल्क उशिरा भरले गेले, ते यामुळेच. आई त्या रात्री एवढेच म्हणाली, "पोरी, पैसे म्हावऱ्याला दिलं नाय, रागाला दिलं."

अमेरिकेत तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. जमिनीखाली तेल किती, हे कोणासच ठाऊक नसते. जो तो अंदाज करतो आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच जिंकतो. यालाच 'विजेत्याचा शाप' म्हणतात. टोपलीच्या तळाची मासळी काय आणि जमिनीखालचे तेल काय, न्याय एकच.

टंचाईचे दोन प्रकार

टंचाई मात्र एकाच जातीची नसते. सरंगा आज नाही, पण आठवड्याने येईल. दारूगोळ्याची वाण पडली तर कारखान्याचे उत्पादन वाढवता येते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून हेच काम करीत आला आहे. अशा वेळी जो थांबू शकतो, तो वाचतो. गरजेने हातघाईला आलेला मात्र चढ्या भावात सापडतो. रघुजींच्या फिरंगेचे तसे नाही. तिचा कारखाना नाही आणि दुसरा नग नाही. म्हणून थांबण्याचे शस्त्र इथे बोथट होते आणि भावनेची बोली चढते.

मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला महात्मा गांधींचा चष्मा, घड्याळ, चपला इत्यादी वस्तू लिलावास आल्या. अंदाज २० ते ३० हजार डॉलरांचा होता. भारतात वादंग माजले, सरकारनेही लक्ष घातले, जगभर गवगवा झाला. अखेर विजय मल्ल्या यांनी त्या १८ लाख डॉलरांना घेतल्या. आपली ओढ जगाला कळली की भाव चढणारच. बंदरावर आई म्हणूनच आवडलेल्या टोपलीकडे आधी बघतसुद्धा नाही!

मग करावे काय?

'आपलीच वस्तू, तिला पैसे कशाला?' असे काही मित्र म्हणतात. तत्त्वतः ते खरे आहे. परंतु बोलीच लावली नसती, तर तलवार एखाद्या खाजगी दालनात गेली असती आणि माझ्या आईला तिचे दर्शन घडले नसते. म्हणून ही खरेदी मला योग्य वाटते. मात्र दरवेळी ऐनवेळी धावून बोली लावणे हे धोरण होऊ शकत नाही. प्रत्येक चढी बोली पुढच्या मालकाला आपली वस्तू बाजारात आणण्याचे आमंत्रणच देते.

दुसरे मार्गही आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी उसनी आली आणि प्रथम साताऱ्यात लोकांसमोर ठेवली गेली. पिप्रहवा येथील रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघणार होती. भारत सरकारने कायदेशीर नोटीस बजावल्यावर लिलाव थांबला आणि जुलैअखेरीस गोदरेज समूहाने ती मिळवून मायदेशी आणली. तेथे बोलीची चढाओढ झालीच नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे : महाराष्ट्राबाहेर गेलेल्या वस्तूंची यादी तज्ज्ञांकडून आधीच करून घ्यावी. प्रत्येक वस्तू कशी बाहेर गेली याचे पुरावे जमवावेत. नोटीस, उसनवारी आणि वाटाघाट हे मार्ग आधी चोखाळावेत. बोली लावायचीच झाली, तर कमाल रक्कम अगोदर कागदावर ठरवावी, लिलाव होईपर्यंत ती गुप्त राखावी आणि नंतर सगळा हिशेब विधिमंडळापुढे ठेवावा. सार्वजनिक पैशाला हे बंधन हवेच, कारण तो पैसा बोली लावणाऱ्याच्या खिशातला नसतो.

राहता राहिला आईचा प्रश्न. लिलावगृहे बोली लावणाऱ्यांची नावे गुप्त ठेवतात, तेव्हा तलवारीसाठी समोर कोण होते, हे आईला सांगता आले नाही. ती म्हणाली, "मंग रक्कम तरी घरून ठरवून गेली व्हती ना?"