अपील करायचंय? नक्कल अर्ज निकालाच्याच दिवशी टाका

निकाल विरोधात गेला की पक्षकार आधी विचारतो, अपिलाला खर्च किती? खर्च ठरतो नंतर, दिवस मात्र लगेच मोजले जाऊ लागतात. १९६३च्या मुदत कायद्यानुसार दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात, उच्च न्यायालयात ९०. दुसऱ्या अपिलालाही ९०च. विशेष कायद्यांचे आकडे निराळे: जिल्हा ग्राहक आयोगाच्या आदेशावर ४५ दिवस, महारेराच्या आदेशावर ६०. म्हणून शेजाऱ्याच्या खटल्यावरून आपली मुदत ठरवू नये.

निकालाचा दिवस मोजत नाहीत. नक्कल मिळायला लागलेला वेळही वजा होतो, पण अर्ज टाकल्यापासून ती तयार होईपर्यंतचाच. समजा, ३ मार्चला निकाल लागला. ३० दिवस २ एप्रिलला संपतात. नक्कल अर्ज १० मार्चला दिला आणि नक्कल २४ मार्चला तयार झाली, तर दोन्ही टोकं धरून १५ दिवस वाढतात. शेवटची तारीख १७ एप्रिल. अर्जाआधी घरी विचार करण्यात गेलेले दिवस तुमच्या खाती. नक्कल तयार असून ती आणायला उशिरा गेलात, तर तेही तुमच्याच. हुकूमनामा लिहायला कोर्टाने वेळ घेतला, पण अर्जच दिला नव्हता, तर त्या वेळेचीही सूट नाही. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं.

नक्कल पानांच्या हिशेबाने मिळते आणि साऱ्या खर्चात ही रक्कम सर्वात किरकोळ. अपिलासोबत निकालाची नक्कल लागतेच. मोठा भाग कोर्ट फीचा. पैशांच्या किंवा मालमत्तेच्या दाव्यात ती बहुधा अपिलात वादात असलेल्या रकमेवर लागते, मूळ दाव्याच्या आकड्यावर नव्हे. पाच लाखांपैकी दोन लाखांचीच तक्रार असेल, तर फी तेवढ्यावरच भरायची, हे वकिलांना स्पष्ट सांगा. फी थोडी कमी पडली म्हणून दाखल करणं लांबवू नका. उरलेली भरायला न्यायालय वेळ देऊ शकतं. टायपिंग, प्रोसेस फी हे खर्च लहान असतात. वकिलांची फी मात्र स्थगितीच्या अर्जासह की त्याशिवाय, हे आधीच कागदावर ठरवून घ्यावं.

स्थगितीचं मुद्दाम सांगतो, कारण इथे लोक फसतात. नुसतं अपील दाखल केल्याने हुकूमनामा थांबत नाही. समोरचा दरखास्त लावून वसुलीला येऊ शकतो. पैशांच्या हुकूमनाम्यात न्यायालय रक्कम जमा करायला किंवा तारण द्यायला सांगू शकतं. ग्राहक आयोगाने पैसे द्यायला सांगितले असतील, तर निम्मी रक्कम आधी जमा केल्याशिवाय राज्य आयोग अपील दाखल करून घेत नाही. म्हणजे चार लाखांच्या आदेशावर दोन लाख हाताशी हवेत, फीपेक्षा कितीतरी जास्त.

मुदत टळली तर विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह अपिलाबरोबरच द्यावा लागतो. उशिराचं सबळ कारण दाखवायचं असतं. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. 'वकिलांनी कळवलं नाही' एवढ्यावर विसंबू नका. न्यायालय समोरच्याला नोटीस काढतं, सुनावणी होते, कधी खर्च लादून माफी मिळते. तेवढ्या काळात मूळ अपिलाची एक ओळही ऐकली गेलेली नसते.

निकाल गैरहजेरीत, एकतर्फी लागला असेल, तर तो रद्द करून घ्यायचा अर्ज त्याच न्यायालयात ३० दिवसांत करता येतो. समन्स रीतसर बजावलंच नसेल, तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर मात्र अपील चालत नाही, तेव्हा तडजोडीवर सही करताना काय ते वाचून घ्यावं.

पैशांची सोय नसेल तर कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना निकालाची तारीख आणि नक्कल अर्जाची पावती सोबत ठेवा.