जंगलातील जुनी वाट आणि चितळांचे कुरण
(परिसर अभ्यास, इयत्ता चौथी : पाठाचे टिपण)

वनाच्या सीमेवरील शाळांत ‘प्राण्यांचे अन्न’ हा पाठ देताना शिक्षक बहुधा वाघापासून आरंभ करतात. मुलांना ते रुचते. परंतु गवतापासून आरंभ करणे अधिक सयुक्तिक होय. रानात चारा तुटला की चितळ, रोही शेतात उतरतात, हे या मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

दाट झाडीखाली ऊन पोहोचत नसल्याने तेथे चांगले गवत थोडेच येते. म्हणून लाकूड वाहण्याच्या जुन्या गाडीवाटा आणि उठून गेलेल्या गावांची शेते यांस महत्त्व आहे. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात बोरी, कोहा व कुंड या गावांचे पुनर्वसन २००१ ते २००३ या काळात झाले. त्यांच्या शेतांवर पुढे कुरणे तयार झाली. वर्गात एखादे मूल अशाच गावच्या कुटुंबातील असू शकेल. त्याच्या आजोबांच्या शेताला ‘ओसाड जागा’ म्हणू नये. उलट, पूर्वी गुरे कोणते गवत आधी खात, हे त्याला घरी विचारून यावयास सांगावे. पुस्तकात नसलेली माहिती अशा वेळी हाती येते.

वाट सोडून दिली म्हणजे कुरण होत नाही. चाकांखाली माती दगडासारखी घट्ट झालेली असते. पाणी मुरत नाही. शिवाय मोकळ्या जागी तरोटा व घाणेरी प्रथम माजतात. तरोट्याची कोवळी भाजी आपण आवडीने खातो, चितळ मात्र त्यास सहसा तोंड लावत नाही. तो शेंगा धरण्यापूर्वी मुळासकट उपटावा लागतो; नुसता कापल्यास पुन्हा फुटतो.

मृगाच्या आधी वाटेवरील दोन-तीन बोटे माती उताराला आडवी उकरावी. उभी उकरल्यास पहिल्या जोराच्या पावसात वाटेचा ओहोळ होतो. नंतर मारवेल, पवन्या अशा स्थानिक गवतांचे बी बारीक मातीत कालवून वरचेवर टाकावे. खोल गेलेले बी उगवत नाही. काही उत्साही मंडळी ज्वारी, हरभरा पेरण्याचे सुचवितात. माझ्या मते ते घातक आहे. ती चव लागलेले जनावर शेताकडेच वळणार.

पाठासाठी मुलांना जंगलात नेण्याचे कारण नाही. शाळेच्या आवारातील पायवाटेवर हातभर लांबीरुंदीचे दोन चौकोन आखावे. एक उकरावा, दुसरा तसाच ठेवावा. दोहोंवर एकेक तांब्या पाणी ओतून ते कोठे लवकर मुरते हे मुलांकडून पाहवावे. मग दोन्हींत सारखे बी टाकून दर शनिवारी अंकुर मोजावे व आकडे फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्यावे. बी मात्र पावसाळ्यानंतर गावच्या बांधावरील पिकलेल्या गवताचेच गोळा करावे, आणि गवताचे नाव व महिना लिहिलेल्या कागदी पुडीत पुढील मृगापर्यंत कोरडे ठेवावे.