कोळशाची एकवट मागणी व रेल्वेचें भाडें

माल थोडा तर भाडें जास्त, हा रेल्वेवाहतुकीचा सर्वत्र आढळणारा नियम आहे. त्याचें कारण उघड आहे. वाघीण धक्क्यास लावणें, गाडीस जोडणें, मुक्कामीं सोडविणें व कागदपत्रें करणें, हा खर्च वाघीण भरलेली असो वा अर्धी, सारखाच पडतो. म्हणून पूर्ण वाघिणीस दर कमी व किरकोळ मालास अधिक असतो. एकट्या शेतकऱ्यास या सवलतीचा लाभ होत नाहीं. तो कसा मिळवितां येतो, हें कॅनडांतील सस्कॅचेवन प्रांताच्या उदाहरणावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

हा प्रांत गव्हाचा. दक्षिणेकडील मैदानांत झाडें विरळ व हिवाळा अत्यंत कडक. सबब घर उबदार राखण्यास कोळशाची मोठी गरज असे. तेथील धान्य-उत्पादकांच्या संघानें १९१४ सालीं आपल्या शाखांकरितां घाऊक व्यापार हातीं घेतला. त्यांत पेंढ्या बांधण्याच्या सुतळीबरोबर कोळसाही होता. पद्धत साधी. शाखेनें सभासदांच्या मागण्या एकवटून पूर्ण वाघीण मागवावयाची, आणि ती स्टेशनांत येतांच प्रत्येकानें आपला वांटा आपल्या गाडींतून न्यावयाचा. भाड्याबरोबर मध्यस्थाचा नफाही वांचे.

मात्र अशा व्यवहाराचा जीव शिस्तींत आहे. ऐन वेळीं चार जणांनीं माल नाकारला तर त्यांचा बोजा इतरांवर पडतो; वाघीण मुदतींत रिकामी न झाल्यास डेमरेज बसतें, व वांचविलेलें भाडें त्यांतच जातें.

आपल्याकडे आतां वाघिणीऐवजीं संपूर्ण गाडीचा हिशेब पाहावा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्यें लासलगांवाहून दिल्लीस सरकारी खरेदीचा सुमारें १,६०० टन कांदा ४२ वाघिणींच्या एकाच गाडीनें गेला. दर शेतकऱ्याचा ५ टन कांदा धरल्यास एवढ्या मालास ३२० शेतकरी लागतील. एका गांवास हें अवघड आहे, दहा गांवांस नाहीं.

तेव्हां मंडळ्यांनीं हंगामापूर्वींच मालाची नोंद करून अनामत घ्यावी, व भरणी-उतरणीच्या हमालांची व्यवस्था आधीं ठरवावी, असें आम्हांस वाटतें. दरांची तुलना करतांना एक गोष्ट विसरूं नये. ट्रकचें भाडें शेतापासून बाजारापर्यंतचें असतें, रेल्वेचें स्टेशनापासून स्टेशनापर्यंतचें. दोन्ही टोकांची वाहतूक व हमाली मिळवूनही रेल्वे स्वस्त पडेल, तरच माल तिच्या स्वाधीन करावा.