घाट लागला की मुलीला उलट्या होतात

प्रश्न : माझी मुलगी ४ वर्षांची आहे. सुट्टीत पुण्याहून गाडीने महाबळेश्वरला जायचंय. पण घाट लागला की तिला उलट्या होतात. आधीच औषध द्यावं का?

उत्तर : तुमची काळजी स्वाभाविक आहे, पण यासाठी सहल रद्द करू नका. गाडी लागण्याचा त्रास साधारण २ ते १२ या वयात जास्त दिसतो आणि बहुतेक मुलांचा पुढे कमी होतो. वळणं कानाच्या आतल्या भागाला जाणवतात, पण मोबाइलवर किंवा पुढच्या सीटवर खिळलेल्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. या विसंगतीमुळे मळमळतं.

म्हणून गाडीत मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक नको. मुलीला मागच्या सीटवर, चाइल्ड सीटमध्येच बसवा, पण समोरचा रस्ता दिसेल असं. निघण्यापूर्वी उपाशी ठेवू नका. इडली किंवा मऊ भात थोडा द्या, तळलेलं आणि भरपेट दूध टाळा. पसरणीचा घाट सुरू होण्याआधी वाईला थांबा, कृष्णेच्या घाटावर तिला मोकळं फिरू द्या. घाटात काच थोडी उघडी ठेवा, गाडी सावकाश चालवा.

एवढं करूनही त्रास होत असेल, तर औषध आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्या. मात्रा वजनावर ठरते आणि काही औषधांनी गुंगी येते. उलटी झालीच तर थोड्या वेळाने ओआरएस घोटघोट पाजा. गाडी थांबल्यावरही उलट्या चालूच राहिल्या, ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.