ढेपेत लसूण कालवण्याआधी

बाबू, तलावाचा ठेका घेतलास, रोहू-कतल्याची बोटुकली सोडलीस, बरं केलंस. आता बांधावर येणारा प्रत्येक जण तुला सांगेल, खाद्यात लसूण घाल, हळद घाल, कडुनिंब घाल. घाल, माझी ना नाही. पण त्याआधी हे गाठीला बांधून ठेव.

आधी पाणी पाहा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ती भूक नव्हे, पाण्यातला प्राणवायू घटलाय. त्या दिवशी खाद्य बंद ठेव, पंप लाव, धार उंचावरून पडू दे. तिथे लसूण काही कामाचा नाही. आभाळ भरून आलं असेल तरीही खाद्याला हात आखडता घे.

पोट कोंड्या-ढेपेनंच भरतं. धानाचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप निम्मी-निम्मी, हा जुना मेळ. लसूण-हळद म्हणजे ताटातली चटणी. ढेपेला बुरशी दिसली की पोतं परत कर, हळद घालून वास मारू नकोस. त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही, थेट माशाच्या काळजावर उठतं.

लसूण ठेच आणि थांब. अख्ख्या पाकळीत तो उग्र गुण तयार नसतो. ठेचल्यावर तिच्यातले दोन घटक एकत्र येतात तेव्हा तो उतरतो. म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेव. खाद्य बांधायच्या उकळत्या पेजेत टाकलास तर सगळं वाया. पेज कोमट झाल्यावर कालव. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्याच्या मत्स्यसंस्थेत रोहूला लसूण चारून पाहिलाय, तोही किलोभर खाद्याला फार तर दहा ग्रॅम. तू पाचापासून सुरुवात कर.

हळद तेलातून दे. हळदीचा गुण पाण्यात विरघळत नाही, तेलात उतरतो. चमचाभर तेलात हळद खलून खाद्याला चोळ, मग पेजेनं घट्ट गोळे वळ. एक गोळा काचेच्या ग्लासात पाण्यात सोडून अर्धा तास बघ. गोळा फुटून पाणी पिवळं झालं तर हळद माशाला नाही, तलावाला चारलीस. पेज दाट कर, पुन्हा वळ.

झाडपाला आहे म्हणून मूठ सैल सोडू नकोस. मोहाची ढेप आपण कशाला वापरतो? बीज सोडण्याआधी तलावातले मरळ नि नको ते मासे मारायला. मीटरभर पाण्याला हेक्टरी अडीच हजार किलो. तिच्यातला फेसाळ अंश कल्ल्यांवाटे शिरून रक्ताच्या तांबड्या पेशी फोडतो. दोन-तीन आठवड्यांनी जहर उतरतं आणि तीच ढेप खत होते. मोह झाडच ना? कडुनिंबाचा अर्कही जास्त झाला की माशाला बाधतो. तेव्हा मूठ नको, वजनकाटा आण.

रोग झाला तर वैद्यकी करू नकोस. अंगावर लाल चट्टे, खवले उभे, उवा चिकटलेल्या दिसल्या तर आजारी मासा जिवंत घेऊन मत्स्य कार्यालयात जा. लसणानं अंगात थोडं बळ येतं, पडलेला मासा उठत नाही. आणि माणसाच्या गोळ्या कुटून खाद्यात घालायचं कुणी सुचवलं तर त्याला बांधावरून वाटेला लाव. जंतू त्या गोळ्यांना सरावतात. युरोपनं जनावरं वाढवण्यासाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं २००६ पासून बंद केलं ते याचसाठी. आपल्याकडेही क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानसारखी औषधं मत्स्यशेतीत चालत नाहीत.

शेवटी हिशेब. तलावात जाळीचे दोन हापे, म्हणजे पिंजरे, शेजारी-शेजारी लाव. दोन्हींत सारख्या वजनाचे, सारखे मोजून मासे. एकाला साधं खाद्य, दुसऱ्याला लसणाचं. दर पंधरवड्याला तोल, मेलेले वहीत लिही. लसणाचे पैसे वजनात नाहीतर वाचलेल्या माशांत फिटले तर पुढच्या हंगामात पोतंभर घे. नाही फिटले तर तो लसूण घरच्या फोडणीला.