आधी मार्ग, मग पास

पोरांनो, युरोपचा बेत ठरलाय ना? मग रेल्वेचा पास काढायची घाई करू नका. आधी कागद घ्या आणि कोणत्या दिवशी कुठून कुठे जायचं ते लिहून काढा. लांबच्या प्रवासाचे दिवस किती, हे दिसलं की निम्मा प्रश्न सुटतो. पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, कलोन एवढंच असेल, तर दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटं काढा. ती बहुधा पासपेक्षा स्वस्त पडतात. रोज नवं गाव गाठायचं असेल, बेत ऐनवेळी बदलायची मुभा हवी असेल, तर बऱ्याच देशांत चालणारा युरेल पास घ्या. तुमचा आतेभाऊ तिकडेच राहतो, त्याला मात्र इंटररेल घ्यावा लागेल. त्यासाठी पासपोर्ट कुठला हे नाही, राहणं कुठे हे पाहतात.

पण पास हातात आला म्हणजे जागा मिळाली, असं नाही. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोस्सा, स्पेनची एव्हीई, लंडनची युरोस्टार, या सगळ्यांत पास असूनही आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये तर पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच ठेवतात. उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत पास घेऊन सरळ चढून बसायचं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पासाचे पैसे वसूल होतात ते मध्य युरोपात. फ्रान्स-स्पेनपुरतं जायचं असेल तर तिकिटंच बरी.

साठी उलटलेल्यांना युरेलमध्ये दहा टक्के सवलत आहे. बारा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, एका मोठ्या माणसामागे दोन. पण त्यांचाही पास आठवणीने काढा.

स्वस्त तिकीट काढताना त्याची अट वाचा. जर्मनीचं ‘स्पारप्राइस’ ठरावीक गाडीचंच असतं. आपल्या चुकीने ती गाडी सुटली तर पैसे गेले. म्हणून मुंबईचं विमान ज्या दिवशी उतरणार, त्या दिवसासाठी असलं तिकीट नको. गाडीच तासभर उशिरा पोचली, तर युरोपीय संघाच्या नियमाने साधारणपणे भाड्याचे 25 टक्के परत मागता येतात, दोन तासांना 50 टक्के. तिकीट जपून ठेवा.

स्वित्झर्लंडचा हिशेब निराळा. स्विस ट्रॅव्हल पासात गाड्या, बोटी, बस, शहरातल्या ट्राम सगळं येतं. पण युंगफ्राउयोखला वरच्या टप्प्यावर फक्त सवलत मिळते. एकाच गावात मुक्काम करून डोंगरांवर जायचं असेल, तर निम्म्या भाड्यात तिकीट देणाऱ्या हाफ फेअर कार्डाचाही हिशेब करून पाहा. आणि डोंगर दाखवत नेणाऱ्या बर्निना एक्सप्रेस गाडीचं आरक्षण मिळालं नाही म्हणून हिरमुसू नका. सेंट मोरिट्झहून तिरानोला त्याच रुळांवरून साधी गाडीही जाते. तिला आरक्षण लागत नाही आणि डोंगर तेच दिसतात.

पॅरिसमध्ये गाडी बदलताना स्टेशनही बदलावं लागू शकतं. गार द्यु नॉर आणि गार द लियों यांच्यामध्ये मेट्रो आहे, तरी दीड तास हाताशी ठेवा. व्हेनिसला मेस्त्रेवर उतरू नका, ते खाडीअलीकडे आहे; सांता लुचिया गाठा.

सामानाला हमाल बहुतेक ठिकाणी मिळत नाही. माणशी एकच बॅग घ्या आणि ती घेऊन जिना चढता येतो का, हे निघण्याआधी घरीच करून पाहा.