मोमिजीला बी का धरत नाही?

नोकरीनिमित्त तोक्योत राहणाऱ्या मुक्ताच्या बाल्कनीत लाल, कातरलेल्या पानांचा जपानी मेपल आहे. जपानी लोक त्याला मोमिजी म्हणतात. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मामा तिच्याकडे आले आहेत.

मुक्ता : मामा, चार वर्षं झाली, या झाडाला एकदाही बी धरलं नाही. बागेतल्या हिरव्या मोमिजीखाली तर रोपांची दाटी असते. याला काही रोग आहे का?

मामा : रोग नाही. बुंध्यावरची ही गाठ पाहिलीस? हे कलम आहे. खाली बियांपासून वाढवलेल्या साध्या मोमिजीचा खुंट, वर निवडक जातीची काडी. बी पेरून हेच पान मिळेल याची खात्री नसते, म्हणून कलम करतात.

मुक्ता : पण हापूसही कलमाचाच, त्याला आंबे लागतातच की!

मामा : हापूस फळासाठी निवडला, हा पानासाठी. याच शहरातल्या सोमेई भागातल्या इतो इहेई या माळ्याने 1710 मध्ये मेपलच्या 30हून अधिक जाती नोंदवल्या होत्या. आज नाव मिळालेल्या जाती 1000हून अधिक आहेत. माणसाने पाहिला तो पानांचा रंग, कातर आणि झाडाचा डौल. बी धरतं की नाही, हे पाहायची गरजच पडली नाही. काही दाट, ठेंगण्या जाती तर फुलतातच कमी.

मुक्ता : याला वसंतात बारीक लालसर फुलं आली होती.

मामा : त्या झुबक्यात काही फुलं नर असतात, काही फळ धरणारी. शिवाय मेपलच्या कुळात अनेक झाडं दोन्ही प्रकारची फुलं एकाच वेळी उमलवत नाहीत. कुणी आधी पराग सोडतं, कुणाची मादी फुलं आधी तयार होतात. म्हणून बी धरायला बहुधा दुसरं झाड लागतं, ज्याची वेळ याच्याशी जुळेल.

मुक्ता : मग याच जातीचं आणखी एक कलम आणते.

मामा : त्याने फारसं साधणार नाही. एका जातीची सगळी कलमं म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या, वेगवेगळ्या मुळांवर वाढलेल्या. वेळही तीच, परागही तेच. शेजारी बियांपासून वाढलेला साधा मोमिजी ठेव.

मुक्ता : बागेतून दोन पंखांची फळं आणली होती. त्यातली काही आतून पोकळ निघाली.

मामा : मेपलमध्ये परागीभवन झालं नाही तरी फळाचे पंख वाढू शकतात. पंख दिसले म्हणजे आत बी असेलच, असं नाही.

मुक्ता : माझं काही चुकतंय का?

मामा : कोवळे शेंडे सारखे खुडतेस ना? फुलं नव्या पालवीबरोबर येतात, ती शेंड्यांसोबत जातात. उशिरा पडलेलं हिमही फुलं करपवतं. एक वसंत खुडू नकोस. बी मिळालंच, तर ओलसर वाळूत घालून तीन-चार महिने फ्रीजमध्ये ठेव. थंडी सोसल्याशिवाय ते सहसा उगवत नाही.

मुक्ता : एवढं करून रोप वेगळंच निघालं तर?

मामा : निघू दे, आणि जप. कलम जुनी जात टिकवतं, पण आजच्या कित्येक देखण्या जातींची सुरुवात अशाच एका वेगळ्या निघालेल्या रोपापासून झाली आहे.